डेलाबाईंचं एक वाक्य

मी त्यांना नाव विचारलं, आणि अमेरिकेतल्या निम्म्या घरांना पाठ असलेलं ते नाव त्यांना सांगता आलं नाही.

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, ओठांचा उजवा कोपरा थोडा उतरलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, गळ्याची शीर ताठ झाली आणि बाहेर आलं ते नुसतं "टो... टो..." त्यांनी तोंड मिटलं. खुर्चीमागे उभी असलेली बाई मान वळवून बाहेर बघायला लागली.

मी त्या बाईला म्हटलं, "यांचं एखादं गाणं तुम्हाला येतं का? नुसती चाल चालेल."

तिनं माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. मग हळूच गुणगुणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला खुर्चीतून आवाज आला. स्वच्छ, भरदार, शब्दांसकट. स्वतःचं नाव ज्यांना सांगता येत नव्हतं, त्यांनी अख्खं कडवं एकही अक्षर न अडखळता म्हटलं, आणि ते संपल्यावर आपल्याच तोंडाला हात लावून त्या रडायला लागल्या.

हे घडलं १९८९च्या उन्हाळ्यात, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावात. मी तिथल्या एका रुग्णालयात वाचा-उपचाराचं काम करत होते. मेंदूत रक्त साकळून ज्यांची वाचा जाते, त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे ते काम. डेला प्रुइट हे नाव मी कोल्हापूरहून तिकडे जाईपर्यंत ऐकलेलं नव्हतं. पण त्या आमच्याकडे दाखल झाल्या त्या दिवशी स्वयंपाकघरातली माणसंसुद्धा काहीतरी निमित्त काढून आमच्या मजल्यावरून फिरून गेली. माझ्या नवऱ्यानं ऑफिसात सांगितलं तर त्याचा साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला म्हणे.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण त्यांचं बसणं, मान वळवणं, नर्सनं पाणी दिलं की डोळ्यांनीच आभार मानणं, हे सगळं असं होतं की मला त्यांना मनातसुद्धा अरे-तुरे करता येईना. मी त्यांना डेलाबाई म्हणायला लागले. अजूनही तेच तोंडात बसलंय.

खुर्चीमागची बाई व्हर्ना. ती डेलाबाईंची केशभूषा करणारी. दोघी सतरा-अठरा वर्षांच्या असल्यापासून बरोबर होत्या. गावोगावच्या जलशांना, हॉलिवूडला, तीन लग्नांत आणि तीन घटस्फोटांत व्हर्ना बरोबर होती, आणि आता रोज सकाळी रुग्णालयात येऊन त्यांचे पांढरे केस विंचरून, गुंडाळून, वर बांधून देत होती. आमच्या उपचाराला ती कोपऱ्यात बसायची. डेलाबाई दमल्या की ती मला त्यांच्या गोष्टी सांगायची, आणि डेलाबाई हो-नाही करत ऐकायच्या.

बाप केंटकीच्या डोंगरात कोळशाच्या खाणीत होता. घरात रेडिओ नव्हता, गाणं सगळं चर्चमधलं. चौदाव्या वर्षी डेलाबाई गावच्या जत्रेत गायल्या आणि जवळच्या शहरातल्या रेडिओवाल्यानं त्यांना गाडीत घालून नेलं. अठराव्या वर्षी त्यांच्याच वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या पोराशी लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी रांगायच्या आत तो पोरगा दुसऱ्या कुणाबरोबर टेक्सासला निघून गेला. पुढे पहिली तबकडी निघाली. मग सिनेमा. एका सिनेमात त्यांनी खाणीतल्या विधवेचं काम केलं होतं. लोक तीन-तीनदा बघायचे, व्हर्ना म्हणाली. आणि मग रविवारी संध्याकाळचा तो टीव्हीवरचा कार्यक्रम, त्याच्या शेवटी त्या अंगाई म्हणायच्या: निज गं चिमणे, मी वाटेवर आहे. ते त्यांनी स्वतः रचलेलं होतं. सगळ्या देशातल्या आया ते ऐकून पोरांना झोपवायच्या.

पहिल्या दिवशी व्हर्नानं गुणगुणलं होतं ते तेच गाणं.

मेंदूची गंमत अशी की बोलणं एका बाजूला राहतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला. एक बाजू गेली तरी दुसरी शाबूत असते. म्हणून आम्ही बोलणं गाण्याच्या वाटेनं परत आणायचा प्रयत्न करतो. रोजचं साधं वाक्य घ्यायचं, त्याला दोन सुरांची चाल द्यायची, डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायचा. आधी गुणगुणायचं, मग गायचं, मग अर्धं गात अर्धं बोलायचं. आणि हळूहळू चाल काढून घ्यायची. मुलाला सायकल शिकवताना आपण मागचा हात काढून घेतो तशी.

"कॉफी हवी." "खिडकी उघड." "थंडी वाजते." ही वाक्यं डेलाबाई महिनाभरात शिकल्या. व्हर्नाचं नाव पहिल्यांदा नीट म्हटलं तेव्हा व्हर्ना उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

एक दिवस मी नवीन वाक्य काढलं तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. उशाशी एक फोटो होता, पाच-सहा वर्षांची मुलगी, दातात फट. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या ओठांवर.

ही मुलगी नोरा. आता चाळिशी ओलांडलेली, ओहायोत एका शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी. डेलाबाई आजारी पडल्यावर तिनं एकदा फोन केला होता, आली नव्हती. डेलाबाईंची मोठी बहीण रूथ, तिनं नोराला लहानाचं मोठं केलं होतं. नोरा रूथला ममा म्हणायची आणि आईला नावानं.

डेलाबाईंना नोराशी काहीतरी बोलायचं होतं, एवढं कळलं. काय, ते कळेना. मी एकेक वाक्य सुचवत गेले. 'तुझी आठवण येते.' नाही. 'मला भेटायला ये.' नाही. शेवटी मी म्हटलं, 'मला माफ कर.' तेव्हा त्यांनी टेबलावरची चित्रांची कार्डं हातानं खाली लोटली. इतक्या दिवसांत त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

व्हर्ना कार्डं गोळा करायला वाकली आणि खाली बघतच म्हणाली, "मला माहीत आहे तिला काय म्हणायचंय." मग तिनं डेलाबाईंकडे पाहिलं. "सांगू?"

डेलाबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. होकाराची.

व्हर्नानं सांगितलं ते असं. मुलीचा बाप निघून गेला तेव्हा डेलाबाईंनी नोराला रूथच्या शेतावर ठेवलं, थोड्या दिवसांसाठी म्हणून. रूथला मूल नव्हतं. थोड्या दिवसांची चार-पाच वर्षं झाली. सिनेमा कंपनीनं सांगितलं होतं, अविवाहित तरुणी म्हणून तुम्हाला लोकांपुढे आणतोय, मुलीचं नाव काढू नका. पहिला सिनेमा पडद्यावर आला, नाव झालं, तशा डेलाबाई कंपनीच्या मालकापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी माझ्या मुलीला आणणार, ठेवायचं तर ठेवा. कॅलिफोर्नियात घर घेतलं. एका खोलीला त्यांनी स्वतः रंग दिला. आणि व्हर्नाला बरोबर घेऊन, स्वतः गाडी चालवत, अर्धा देश ओलांडून त्या केंटकीला आल्या.

नोरा घरात नव्हती. रूथ म्हणाली, खेळत असेल कुठेतरी. एकदा-दोनदा हाक मारली, कॉफी केली. दोघी बहिणी ओसरीवर बसून राहिल्या. ऊन उतरलं तरी मुलगी आली नाही. तेव्हा रूथ म्हणाली, "ती तुला ओळखत नाही, डेला. न्यायचं तर रडत-ओरडत न्यावं लागेल. तेवढं तुझ्यानं होणार असेल तर बस." आणि म्हणाली, गेलीस तर आली होतीस हे तिला कधी सांगू नकोस, नाहीतर कोणीतरी आपल्याला उचलून नेईल या भीतीत पोर वाढेल.

डेलाबाई उठल्या. गाडीत बसल्या. राज्याची हद्द संपेपर्यंत गाडी थांबवली नाही. ती अंगाई त्यांनी त्याच हिवाळ्यात रचली.

"शब्द दिला होता, तो पाळला," व्हर्ना म्हणाली. "मुलगी मोठी झाली, तोंडावर म्हणाली की तू मला टाकलंस, तरी पाळला. यंदा मार्चमध्ये रूथ वारली. आता सांगायला हरकत नाही, डेला म्हणाली. ओहायोला जायचं ठरवलं, नवा पोशाख शिवून आणला. आणि त्याच आठवड्यात न्हाणीघरात कोसळली."

मी डेलाबाईंकडे वळले आणि चाल लावून, हळू म्हटलं, "मी तुला न्यायला आले होते."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि डावा हात टेबलावर ठेका द्यायला लागला.

इंग्रजीत ते फार छोटं वाक्य आहे. पण त्यावर आम्ही जेवढी मेहनत केली तेवढी मी कुठल्याच वाक्यावर कधी केली नाही. दरम्यान व्हर्नानं नोराला फोन करून बोलावलं. व्हर्नानं एकदा विचारलं, मीच सांगून टाकू का फोनवर? डेलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

नोरा ऑगस्टमध्ये एका शनिवारी आली. त्या सकाळी डेलाबाईंनी केस दोनदा सोडून पुन्हा बांधून घेतले. ओठांना रंग लावून घेतला. नोरा उंच, साध्या कपड्यातली, आईसारखीच कपाळाची ठेवण असलेली बाई. तिनं आईच्या गालाला गाल लावला, खुर्ची ओढली, प्रवास कसा झाला ते सांगितलं. वागण्यात काही कमी नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीत बसावं तशी ती बसली होती.

मी डेलाबाईंच्या डाव्या हाताखाली हात ठेवला आणि ठेका दिला. आदल्या दिवशी त्यांनी ते वाक्य अर्धं गात, अर्धं बोलत, सलग तीनदा म्हटलं होतं.

"मी..." त्या म्हणाल्या.

नोरा पुढे झुकली.

"मी... मी..." ओठ थरथरले. चेहरा लाल झाला. मी चाल गुणगुणले. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि तोंडातून जे आलं ते असं: निज गं चिमणे, मी वाटेवर आहे.

मला कळलं काय झालं ते. अडलेल्या जिभेला सगळ्यांत जुनी, सगळ्यांत पायाखालची वाट सापडली होती. डेलाबाईंनाही कळलं. त्या डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होत्या, मान नाही-नाही अशी हलवत होत्या, आणि गात होत्या. थांबता येत नव्हतं. आणि आवाज असा लागला होता की इतक्या महिन्यांत तसा लागला नव्हता. बाहेरचे पेशंट दाराशी आले. कोणी काठीवर, कोणी खुर्चीत. गाणं संपलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक नर्स डोळे पुसत होती.

नोरा उठून उभी राहिली. पर्स खांद्याला लावली.

"हे मी रेडिओवर ऐकलंय, डेला," ती म्हणाली.

मी तिच्यामागे गाड्या लावायच्या आवारात धावले. तिला मेंदूच्या दोन बाजू समजावून सांगितल्या, हे मुद्दाम नव्हतं, त्यांना दुसरं काही म्हणायचं होतं, असं सांगितलं. काय म्हणायचं होतं, ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते माझं नव्हतं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्ही तुमचं काम चांगलं करताय, मिसेस पोंक्षे. मग गाडीचं दार उघडून म्हणाली, "मी आठ वर्षांची होते. जत्रेत तिचा कार्यक्रम होता, ममानं मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिनं हेच म्हटलं. माझ्या छोट्या मुलीसाठी, असं म्हणाली माईकवर. सगळं मैदान रडलं. मी पडद्यामागे गेले तोपर्यंत तिची गाडी निघून गेली होती." तिनं पर्स शेजारच्या सीटवर ठेवली. "तिच्या तोंडून गाणं नेहमी आपोआप यायचं. आज नवीन काही झालं नाही."

मी वर आले तेव्हा व्हर्ना डेलाबाईंच्या ओठांचा रंग पुसत होती.

मला वाटलं होतं, त्या आता सोडून देतील. दोन दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी गेले तर खुर्चीत बसून माझी वाट बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी अंगाई एकदाही म्हटली नाही. मी चाल बदलली, तिच्यात त्या गाण्याचा एकही सूर येऊ दिला नाही. सुरांवरून पाय घसरू नये म्हणून आम्ही जवळजवळ एकाच सुरात म्हणत होतो, पाढे म्हणावेत तसं.

ऑक्टोबरात एक दिवस मी आत शिरले, आणि मी काही म्हणायच्या आत त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी तुला न्यायला आले होते."

चाल नाही, ठेका नाही. डावा हात मांडीवर स्वस्थ होता. जराशी जड जीभ, शेवटचा शब्द थोडा ओढलेला, पण एखादी साधी बाई साधं बोलते तसं. त्यांनी ते व्हर्नाला म्हणून दाखवलं. जेवणाचं ताट घेऊन आलेल्या माणसालाही म्हणून दाखवलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, मॅडम, मी तर इथेच असतो. आम्ही तिघी इतक्या हसलो की नर्स बघायला आली.

नोराला या खेपेस फोन मी केला. म्हटलं, "त्यांना गायचं नाहीये. बोलायचंय."

ती म्हणाली, "नोव्हेंबरात सुट्टी आहे. मी येते."

त्यानंतर डेलाबाईंनी आणखी एक शब्द मागून घेतला, नोराचं नाव आधी लावायला. 'नोरा, मी तुला न्यायला आले होते.' आंघोळ घालणाऱ्या नर्सेस म्हणायच्या की अंगावर पाणी पडत असतानाही त्या तेच म्हणत असतात.

सुट्टी लागायच्या आदल्या रविवारी सकाळी व्हर्ना केस विंचरत होती आणि डेलाबाईंची मान पुढे पडली. झटका पहिल्यापेक्षा मोठा होता. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, आणि व्हर्नाला बाजूला नेऊन सांगितलं की आता घरच्यांना बोलवा.

नोरा दुपारपर्यंत पोचली, रस्त्यात कुठेही न थांबता आली असावी. पलंगाशी उभी राहिली. डेलाबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कशावरच ठरत नव्हते. श्वासाचा आवाज खोलीभर होता. तिनं आईच्या हाताला हात लावला नाही. मग मला विचारलं, "तुम्ही तिला काय शिकवत होतात?"

मी व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्ना म्हणाली, "सांगा. आता ती नाही सांगू शकणार."

मी सांगितलं. "मी तुला न्यायला आले होते."

मला वाटलं, ती विचारेल कधी, कुठे, म्हणजे काय. पलंगाच्या दांडीला धरून ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "निळी गाडी होती. तिनं पिवळा कोट घातला होता."

व्हर्नाच्या हातातला कंगवा तिथेच राहिला.

"मी तंबाखूच्या कोठारात होते," नोरा म्हणाली. "पानं वाळायला वरपर्यंत टांगलेली होती. भिंतीच्या फळ्यांना वारा खेळायला फटी असतात, त्यांतून अंगण दिसायचं. ती उतरताना मी पाहिली. कोण आहे ते मला कळलं होतं, तिचे फोटो मी बघितले होते. ममानं हाक मारली तीही ऐकली."

"घाबरलीस?" व्हर्नानं विचारलं.

"नाही." तिनं मान हलवली. "चर्चमधल्या मुली म्हणायच्या, तुझ्या आईला तू नको आहेस. मी म्हटलं, हवी असेन तर शोधेल. लपले ते तिनं शोधावं म्हणून. ती ओसरीवर बसून राहिली. मी वाट बघत होते, आता उठेल, आता इकडे येईल. ती उठली, आणि गाडीकडे गेली." नोरा आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. "कोठाराचं दार मी थोडं उघडं ठेवलं होतं."

व्हर्ना पलंगाच्या पायथ्याशी बसली. "पोरी, तिला वाटलं तुला यायचं नाहीये."

"हो," नोरा म्हणाली. "ते मला आत्ता कळलं."

बाहेर जेवणाच्या गाड्या फिरत होत्या, त्यांचा आवाज येऊन गेला. मग नोरानं मला विचारलं, तिला ऐकू येतं का? मी म्हटलं, सांगता येत नाही. काहींना येतं असं म्हणतात.

ती खुर्ची पुढे ओढून आईच्या कानाशी वाकली. काय म्हणून हाक मारावी ते तिला सुचलं नाही असं वाटलं, कारण ती एकदा तोंड उघडून थांबली. मग कुठलंच नाव न घेता म्हणाली, "मी कोठारात होते. मला यायचं होतं."

डेलाबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. श्वास तसाच चालू होता.

नोरानं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग तिनं तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, लांब उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं.